नवाबाच्या संघातले बोलरमामा

बोलरमामा कुठलीही वस्तू हातात देत नसत, फेकत. लिंबू, काडेपेटी, गुळाचा खडा. आणि ती नेमकी समोरच्याच्या तळहातावर पडे. "पाहू नको, हात पुढं कर," एवढंच म्हणत. साऱ्या जैनथ गावाचे ते मामा.

तरुणपणी ते ज्वारीत माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरं हाकत. शिकारीला आलेल्या एका नवाबाने तो नेम पाहिला आणि त्यांना थेट हैदराबादला नेलं, आपल्या क्रिकेट संघात पगारी बोलर म्हणून. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. माणूस म्हणजे काय बंदूक आहे, आवडली की खांद्याला लावली? मी असा भडकलो की मामा हसत. "लेका, माया बापानं त पेढे वाटले होते!"

संघाचा रिवाज असा, की चहा होईपर्यंत नवाबाच्या दांड्या उडवायच्या नाहीत. मामा दुपारभर बाहेर बाहेर चेंडू टाकत आणि नवाब वाहवा घेई. एकदा चेंडू आत वळला, मधली दांडी गेली. दांड्यांमागे उभा राहणारा यष्टिरक्षक चांदभाई, त्याने पटकन ती उभी केली. "हवा से गिरी, हुजूर!" मामांची नोकरी वाचली.

पुढे गुडघा गेला, तसे मामाही नवाबाच्या मनातून गेले. गावी परतले. चांदभाईही नंतर इचोड्याला येऊन राहिला. दर बाजाराला जैनथला येई, मामांकडे चहा घेई, आणि दोघे जुने सामने पुन्हा जिंकत.

आम्ही तेव्हा निजामी राजवटीविरुद्ध पत्रकं वाटत होतो. पैनगंगेच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात, सभांना बंदी, म्हणून सभा नदीपलीकडे, इंग्रजी अंमलात. नवाबाने पिळून फेकलेला माणूस मला मंचावर हवा होता. भाषण मीच लिहून वाचून दाखवलं. त्यात सगळ्या संघाला 'नवाबाचे कुत्रे' म्हटलं होतं.

"नवाबाले काय म्हणायचं ते म्हणतो," मामा म्हणाले. "पण गड्याइले कुत्रे काऊन म्हणू? चांदभाई मंग माया घरी येईन का?"

"देश मोठा की चहा, मामा?"

मामांनी चहाचं आधण चढवलं.

मंचावर ते आपल्याच मनाचं बोलले. "नवाबानं आमाले लय राबवलं. कोणाकोणाले, ते सांगतो." आणि चांदभाईपासून एकेका गड्याचं नाव, गाव घ्यायला लागले. मागून कुणी ओरडलं, "मामा, मॅच हाय का?" लोक खदखदून हसले. मामा थांबले नाहीत.

"सभा बुडवली तुमी!" परतताना मी तणतणलो.

"तुयी सभा बुडाली, मायं घर राह्यलं."

त्याच हिवाळ्यात मामा तापाने गेले. चांदभाई धापा टाकत आला, तेव्हा आम्ही तिरडी उचलली होती. दिवस वाईट होते, हिंदू-मुसलमान तेढीचे. आमच्यातलेच दोघे त्याच्या आडवे उभे राहिले. "हा तिरडीले खांदा देणार नाई." माझी पत्रकं तोंडपाठ असलेली पोरं!

मी मोकळ्या हाताने त्यांना बाजूला लोटलं. "या, चांदभाई," म्हटलं, आणि माझ्या खांद्यावरचा बांबू त्याच्या खांद्यावर दिला.