सीमेच्या आतला माणूस

फाशांच्या खेळात सगळ्यांत जास्त शिव्या कोण खात असेल, तर पॅलाडिन. ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक भूमिका घेतात आणि जिथे निकाल लागत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. कुणी चोर होतं, कुणी जादूगार. पॅलाडिन म्हणजे देवाची शपथ घेतलेला योद्धा. त्याची ताकद तलवारीत नसते, शपथेत असते. शपथ मोडली की देव उठून जातो आणि मागे उरतो चिलखत घातलेला एक साधा माणूस. त्यामुळे चोराला कुणाचा खिसा कापायचा असो की जादूगाराला कैद्याला पिळायचं असो, आधी सगळे पॅलाडिनकडे बघतात. शाळेच्या सहलीला मुख्याध्यापिका बरोबर आली की पोरांचे चेहरे होतात, तसे त्यांचे होतात.

मी हौसेने पॅलाडिन झाले. माझा स्वभाव मुळात भांडकुदळ, आणि भांडायला तत्त्व मिळालं तर मला जेवणही लागत नाही. आमचा खेळ दर रविवारी दुपारी आमच्या मुलुंडच्या घरी भरतो, कारण चौघांना पुरेल असं जेवणाचं टेबल माझ्याकडे आहे आणि बाबांना मी एकटं ठेवत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. तो मनोरीचा कोळी, गोरेगावला एका स्टुडिओत सेट उभारतो आणि मला ताई म्हणतो. येताना कधी सुके बोंबील आणतो, कधी नुसता वास घेऊन येतो. घाटकोपरचा आमचा गुजराती मित्र, नळाच्या सामानाचं दुकान चालवणारा, हा आमचा चोर. कांजूरमार्गची माझी कॉलेजातली मैत्रीण नर्स आहे, ती जादूगारीण होते. आणि गॅलरीत आरामखुर्चीत, पेपर तोंडावर घेऊन, बाबा. गिरणीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला पन्नाशीतली मुलगी सोंगट्या खेळताना बघून जे वाटेल ते त्यांना वाटायचं आणि ते बोलूनही दाखवायचे. "पोरा नाय झाली, मगे आता स्वतःच पोर झाला," असं एकदा त्यांनी चोराला सांगितलं होतं. चोराला अर्धंच समजलं म्हणून बरं.

या खेळांच्या पुस्तकांत पॅलाडिनचे देव सोन्याच्या मुकुटाचे, पांढऱ्या घोड्यांचे असतात. मला त्यांच्याशी बोलायला जमेना. त्यांना नैवेद्य काय लागतो हेसुद्धा कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून मी मास्तरला सांगितलं, माझा देव गावाच्या सीमेवरचा राखणदार. मूर्ती नाही, शेंदूर फासलेला दगड. त्याला नारळ चालतो, रागावला तर कोंबडा लागतो. आणि माझी शपथ एकच: सीमेच्या आत शरण आलेल्या माणसाला मी कुणाच्या हाती देणार नाही. मास्तरने ती लगेच मान्य केली. मग म्हणाला, "पण ताई, देव गावाचा. गावच तुझ्यावर उलटलं तर देव पण तुझं ऐकायचा नाही." मीही लगेच मान्य केलं. एवढ्या भोळेपणाने मी आयुष्यात कुठल्या कागदावर सही केलेली नाही.

अशी ती माझी पॅलाडिन काही वर्षं वाढली. ती खाडीच्या मुखाशी एका कोळीवाड्यात राहायची. तिने तिथल्या विहिरीतलं भूत काढलं, दोन भावांचं भांडण मिटवलं, एका सावकाराला सगळ्यांदेखत नाक घासायला लावलं. सोमवारी ऑफिसात साहेब कुणाच्या तरी अंगावर ओरडत असले, की मी मध्ये पडायला लागले. ते तिचंच काम होतं. आधीची मी असते तर खाली मान घालून डबा उघडला असता. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लोक बाबा-बुवांकडून शिकतात, मी फाशांकडून शिकले.

मग तो रविवार आला. त्याआधीच्या खेळात चाचे आले होते आणि त्यांनी गावाच्या सगळ्या होड्या जाळल्या होत्या. मास्तरने जळत्या होडीचं वर्णन असं काही केलं होतं की नर्सबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. डांबर कसं उकळतं, दोर कसा आधी वळवळतो आणि मग तुटतो. हा माणूस ते कुठून तरी बघून आला होता, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. आता चाच्यांचा म्होरक्या, त्यांचा तांडेल, तोच ज्याने मशाल लावली, जखमी होऊन त्याच्याच माणसांनी टाकून दिलेला, सरपटत माझ्या दगडाशी आला. सीमेच्या आत. दगडाला हात लावून म्हणाला, "मला वाचव."

त्याच्यामागून अख्खं गाव कोयते घेऊन आलं. मास्तरने गावातल्या एका म्हातारीचा आवाज काढला, बहुधा स्वतःच्या आजीचा. "माजी होरी जालली यानं. न तू याला पानी पाजतेस?"

त्याला गावाच्या हाती दिला तर शपथ मोडली, देव गेला. नाही दिला तर गाव उलटलं, तरी देव गेला. दोन्हीकडून माझी पॅलाडिन मेल्यात जमा. मास्तर हाताची घडी घालून बसला होता. हसत नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं.

"सोप्पं आहे ना यार," चोर म्हणाला. "तू पाठ फिरव. दोन मिनिट समुद्र बघ. बाकी मी करतो. तू काय बघितलंच नाय."

"तू त्याला मारणार."

"मी नाय. गाव मारणार. मी फक्त त्याला सीमेबाहेर ओढणार."

जगातले सगळे पॅलाडिन इथेच खलास होतात. राक्षसासमोर कुणी हरत नाही, मित्र म्हणतो जरा तिकडे बघ, तिथे हरतात. मी नर्सकडे पाहिलं. ती तरी माझ्या बाजूने बोलेल अशी आशा होती, कारण तिच्या वॉर्डात माणूस चोर की साव हे न विचारता सलाईन लावतात.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "आठवडाभर मी सगळ्यांना सारखं औषध देते. रविवारी तरी मला सूड घेऊ दे गं."

"त्याला पळवून लावला तर?" मी मास्तरला विचारलं.

"कुठे पळवणार? गाव बघतंय, ताई."

"तुरुंगात टाकला?"

"तुरुंग कुठला इकडे? आणि होड्या कोण देणार त्यांच्या? वाट लागली आहे त्यांची. पोटाला काय, तुझी शपथ खाणार?"

मला राग आला, आणि तो खरा होता, कारण मास्तरचं बरोबर होतं. ज्यांचं जळलं ते समोर उभे होते आणि मी माझ्या शपथेची काळजी करत होते. पुण्यवान माणसाचं हेच वाईट. त्याला आधी स्वतःचे हात स्वच्छ आहेत का ते बघायचं असतं. पण म्हणून तो माणूस त्यांच्या पुढ्यात फेकायलाही माझा हात उठेना. गॅलरीत पेपर सळसळला.

तेव्हा मला सुचलं की हे काही नवीन नाही. आमच्याकडे कोकणात, गावी दोन घरं हमरीतुमरीवर आली, कुणी कुणाचं माडापोफळीचं कुळागर तोडलं, की निवाड्याआधी सगळे देवासमोर उभे राहतात आणि गाऱ्हाणं घालतात. एकजण नारळ घेऊन देवाला सगळं मोठ्याने सांगतो. कुणी काय केलं, कुणाचं काय गेलं, आता काय कबूल. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याने व्हय म्हटलं तो बांधला गेला, मग तो गुन्हेगार असो की ज्याचं गेलं तो. आमच्या इमारतीत लिफ्ट बसली तेव्हासुद्धा कोकणातल्या लोकांनी बाबांना खाली बोलावून गाऱ्हाणं घालायला लावलं होतं. गाऱ्हाणं बाबाच घालतात. गणपतीत, घरभरणीत, सगळीकडे. मी बाईमाणूस, मी लहानपणापासून मागे उभी राहून फक्त व्हय म्हणत आलेली.

"मी गाऱ्हाणं घालते," मी म्हटलं आणि उभी राहिले. नारळ नव्हता, टेबलावरची पाण्याची बाटली हातात घेतली.

मास्तरने जरा विचार केला. "घाल. पण गाव व्हय म्हणतं का ते फाशावर. सोपं नाही देणार मी. पंधराच्या वर हवेत."

मी डोळे मिटले. शब्द मला पाठ असतील असं कधी वाटलं नव्हतं, पण ते आतच होते.

"बा सीमेच्या राखणदारा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे जमली हत. ह्या माणसान तुज्या लेकरांच्यो होड्यो जाळल्यान रे म्हाराजा. तेंच्या चुली इझवल्यान रे म्हाराजा. तेका मारूक गावाक येळ लागाचो नाय. पण तो तुज्या सीमेत येऊन पडलो हा. तो आज तुज्या दगडार हात ठेवन कबूल करता, जेवढ्यो होड्यो जाळल्यान तेवढ्यो तो बांधून देतलो. तवसर तो सीम सोडूचो नाय. सोडल्यान, तर तेच्यावरचो तुजो हात तू काढून घे. आणि तेची माणसा परत इली, तर सगळ्यांच्या फुडे तो उभो रवात, आणि तेच्या बाजूक मी. ह्या मान्य करून घे रे म्हाराजा."

मी थांबले. चोर आणि नर्स त्या गावचे नव्हते, त्यांनी बोलून उपयोग नव्हता, आणि त्यांना काय बोलायचं हे माहीतही नव्हतं. मी फासा टाकला. तो बशीला आपटून थांबला. चार.

मास्तरने फाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. "गाव गप्प आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "कोणी व्हय म्हणत नाही. ताई, तुझ्या हातातली तलवार…"

"व्हय म्हाराजा."

गॅलरीतून. पेपरच्या मागून. बाबांना काय चाललंय याचा पत्ता नव्हता. कुणीतरी गाऱ्हाणं घातलं, मध्ये जागा रिकामी राहिली, आणि तोंडातून आपसूक उत्तर गेलं. ऐंशी वर्षांची सवय. देवासमोर कुणाचं सांगणं असं लटकत ठेवायचं नसतं.

खुर्ची करकरली. त्यांनी पेपर खाली केला आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतोय हे पाहून वैतागले. "काय?"

मास्तर सावकाश म्हणाला, "गर्दीत मागे एक म्हातारा उभा होता. तो बोलला."

"अरे पण चार पडले ना," चोर म्हणाला. तोच, ज्याने आयुष्यात एक नियम पाळला नव्हता.

"ते चार बाकीच्या गावाचे. आजोबांसाठी कोणी फासा टाकला होता?" मास्तर खुर्चीत पुढे सरकला होता. "म्हातारा बोलला म्हटल्यावर ती होडीवाली म्हातारी त्याच्याकडे वळून बघते. हा गप्प बसणारा माणूस आहे, तिला माहीत आहे. तिच्या हातात कोयता आहे. ताई, परत टाक. आता दहा."

मी टाकला. सतरा.

मला नीट आठवतं ते एवढंच की मास्तर उभा राहिला आणि त्याच्या आजीच्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा," आणि मग नर्स म्हणाली, आणि घाटकोपरचा आमचा चोर, ज्याच्या जिभेला मालवणी कधी शिवली नव्हती, तोही म्हणाला, चुकीच्या ठिकाणी जोर देऊन. माझ्या घरात भर दुपारी चारपाच माणसं ओरडत होती. खालच्या मजल्यावरून कुणीतरी बेल वाजवून विचारायला आलं की पूजा आहे का. आमची तलवार तळपली, तांडेलाने दगडाशी डोकं टेकलं, आणि मी बाटली हातात घट्ट धरून रडले, हे कबूल करायला हरकत नाही. शपथ राहिली म्हणून रडले नाही. आयुष्यभर मी बाबांना व्हय म्हणत आले होते. त्या दुपारी माझं सांगणं लटकत होतं आणि ते मला व्हय म्हणाले.

सगळे गेल्यावर मी चहा घेऊन गॅलरीत गेले. बाबांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. चाचे कोण, होड्या किती मोठ्या, दगड कुठे. खोटी गोष्ट म्हणून त्यांनी एकदाही हसून सोडलं नाही.

"तू चुलींचा बोललंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "होड्यो सगळेच सांगतत." आणि मग, कपातला शेवटचा घोट संपवून, "पण तो पळालो तर?"

"तर मी आसंय मां, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याकडे गाव जसं पाहतं, तसं.

"मगे बरा," म्हणाले, आणि कप माझ्या हातात दिला.