दोन टोकांची सरासरी

आमच्या पंख्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणतात. शिक्षण आठवी. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेब खात्यात पस्तीस वर्षं काढलेली. दोन दशांश स्थळं असल्याशिवाय माझा कुठल्याही उत्तरावर विश्वास बसत नाही. बायको म्हणते, "भूक लागली का विचारलं तरी तुम्ही टक्केवारी सांगाल."

यंदा व्यवस्थापकांनी विचारलं, गोदामातला माल वर्षातून किती वेळा फिरतो, म्हणजे विकून पुन्हा भरतो? मी पुस्तकाबरहुकूम वर्षारंभीचा, एक एप्रिलचा, आणि वर्षाअखेरचा, एकतीस मार्चचा, साठा घेऊन सरासरी काढली. बत्तीसशे पंखे. वर्षभरात विकले शहाण्णवशे. भागाकार ३.००.

"फारच सुस्त!" व्यवस्थापक म्हणाले. "गोदाम ठेकेदाराला देऊन टाकू. भाऊंना मोकळं करा."

भाऊंची नोकरी अजून चार वर्षं होती, धाकटी मुलगी कॉलेजात. पत्र द्यायला मीच गेलो. समास सोडून, रेघ मारून, ३.०० ठळक लिहून, कागद कसा देखणा!

"हे तीन काढलं कसं?" भाऊंनी विचारलं. मी शिकवणीच्या सुरात समजावलं.

"म्हणजे दोन्ही दिवस उन्हाळ्याच्या तोंडावरचे? तेव्हा तर गोदाम छताला टेकलेलं असतं! अहो साहेब, माणूस जेवून उठला की पोटाला हात लावायचा, पुढच्या वर्षी पुन्हा जेवून उठल्यावरच लावायचा, आणि म्हणायचं, याला पचतच नाही!"

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला खडूनं बारा आकडे लिहिलेले, दर महिनाअखेरचा साठा. मी उभ्या उभ्याच बेरीज केली. सरासरी साडेबाराशे. म्हणजे माल ७.६८ वेळा फिरला होता. पत्र खिशात घालून मी परत फिरलो.

"साहेब, चूक माझी आहे," मी व्यवस्थापकांना म्हणालो.

"आणि आजवर कसं काढत होतात?"

"असंच."

त्यांनी पत्र मागून घेऊन फाडलं आणि फर्मान काढलं, यापुढे माझा तक्ता आधी भाऊंना दाखवायचा.

काल दाखवला. भाऊंनी चष्मा पुसून ७.६८ वर बोट ठेवलं.

"सात समजलं. पण साहेब, हे अडुसष्ट कुणाच्या गळ्यात मारले?"