शिमग्यातली लोकसंख्या

एसटी थांब्याजवळच्या भिंतीवर रंगारी आमच्या गावाची माहिती लिहीत होता. गावाचं नाव झालं, तालुक्यापासूनचं अंतर झालं, खाडीकडचा रस्ताही बाणाने दाखवून झाला. 'लोकसंख्या' एवढं लिहून त्याने मागे वळून विचारलं, "काकी, माणसं किती?"

शेजारच्या काकी तिथेच नारळ सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजची, की शिमग्यातली?"

मला हसूच फुटलं. पण प्रश्न अगदी रास्त होता. एरवी आमच्या वाडीत माणसांपेक्षा कुलुपंच जास्त. शिमग्याला मात्र देवाची पालखी घरोघर फिरते, तेव्हा एकही दार बंद ठेवून चालत नाही. मुंबईला गेलेले चाकरमानी पोराबाळांसकट येतात, ओटीवर पाय टाकायला जागा उरत नाही आणि विहिरीवर पोहऱ्यासाठी भांडणं होतात. मोजणीवाले नेमके एरवीच येतात, कुलुपं बघतात आणि निघून जातात.

"सरकारी कागदावर आजचाच आकडा असतो," रंगारी म्हणाला.

"असू दे की कागदावर! भिंत आमची आहे. तू शिमग्यातला लिही," काकी म्हणाल्या. "माझा भाताचा टोप त्याच मापाचा आहे."