न पेटणारं घर

साऱ्या नगर जिल्ह्यात पेटू न शकणारं घर एकच होतं आणि त्या घरात मी भाडेकरू होतो. हे माझं म्हणणं नव्हे, आमच्या घरमालकांचं. नेवाशाच्या शाळेत मला नुकतीच मास्तरकी लागली होती. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाडं, पाणी, शेजार यातलं काहीच काढलं नाही. खिशातून काड्यापेटी काढली, काडी ओढली आणि दाराच्या पडद्याला खालून लावली. मी चटकन मागे सरलो. पडदा जरासा काळवंडला, थोडा धूर निघाला आणि काडी विझून गेली. "बगितलं?" ते म्हणाले. "आता निवांत झोपा, मास्तर." मी खोली घेतली. त्या वेळी नेवाशात दुसरी मिळत नव्हती हे त्याचं खरं कारण. पण मी पडद्यावर भाळून आलो अशीच त्यांची अखेरपर्यंत समजूत होती.

गावात त्यांना सगळे मॅनेजर म्हणत. उभी हयात त्यांनी एका टुरिंग टॉकीजची मॅनेजरकी केली होती. आज सोनईच्या जत्रेत, मग राहात्याच्या बाजाराला, असा तंबू घेऊन हिंडायचं, तिकिटं फाडायची, रीळ तुटलं की खवळलेल्या पब्लिकची समजूत घालायची. एका जत्रेत तो तंबू पेटला. माणूस कुणी दगावलं नाही, पण एका बाईच्या कडेवरचं तान्हं मूल गर्दीत निसटलं आणि बराच वेळ सापडेना. सापडलं तेव्हा ते एका बाकाखाली मजेत माती खात बसलं होतं. मॅनेजर मात्र जे हादरले ते कायमचे. पुढे टॉकीजच्या मालकाने नवा तंबू आणला तो औषधाच्या पाण्यात बुडवून, पेटणार नाही असा करून आणला. तुरटी, टाकणखार, नवसागर आणि आणखी कसलेकसले क्षार त्यात होते. मॅनेजरांनी ती कृती विचारून घेतली, आणि नोकरी सुटून घरी बसल्यावर सगळं घर त्या पाण्यात बुडवायला काढलं.

सगळं म्हणजे अगदी सगळं. पडदे, चादरी, गोधड्या, उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, देव्हाऱ्यातलं देवाचं वस्त्र, स्वतःची धोतरं. अंगणात तीन दगडांवर मोठा हंडा चढायचा आणि मॅनेजर काठीने कपडे ढवळत उभे राहायचे. आगीची इतकी धास्ती घेतलेल्या माणसाचं औषध शिजायला आगच लागते, हे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यांना दर वेळी ऐकवत. उन्हात वाळून आत आलेले ते कपडे म्हणजे एक प्रकरणच असे. पडदे वाऱ्याने हलायचे नाहीत, नुसते वाजायचे. गोधडीची घडी घालायला दोघं लागत. मॅनेजर खाली बसले की पापड मोडल्यासारखा आवाज होई, आणि ते गल्लीच्या तोंडाशी आले की काकू चहाचं आधण ठेवीत. "ह्यांची वाट बगावी लागत न्हाई, धोतार आधी वर्दी देतं," असं त्या म्हणत. त्यांनी स्वतःच्या लुगड्यांना मात्र हात लावू दिला नव्हता. "मी पेटले तर पेटले," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मीही सुटलो नाही. एकदा मी आंघोळीला गेलेलो असताना माझा ठेवणीतला सदरा मॅनेजरांनी मायेने हंड्यात घातला. नेमका तोच घालून मला शाळा तपासणीला सामोरं जावं लागलं. दिवसभर मला वाकता येईना की फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येईना. साहेब मोठे कनवाळू होते. जाताना हळूच म्हणाले, "मास्तर, पाठ शेकत जा."

या कपड्यांतून एक बारीक पांढरी भुकटी सारखी झडत असे. काळपट शहाबादी फरशीवर तिचा थर बसायचा. सकाळी झाडावं तर दुपारी पुन्हा हजर. काकू कुरकुरल्या की मॅनेजर अभिमानाने म्हणत, "ही धूळ न्हाई, ही राखन हाय आपली." त्या राखणीवर आमची सगळ्यांची पावलं उमटलेली असत आणि त्यांना ती बघायला आवडत असे.

अशा घरात त्यांना नात झाली. मुलगा साखर कारखान्यात पाळीवर, त्यामुळे घरात असून नसल्यासारखाच. सून राहात्याची. मी तिला वहिनी म्हणे. बाळंतपण आटोपून ती लेकीला घेऊन यायची होती, तर मॅनेजरांनी पाळण्याची झोळी, दुपटी, टोपडी, सगळं दोनदा बुडवून ठेवलं. जगात येऊन नुकतेच कुठे पाय हलवायला लागलेल्या जिवाला ते एवढंच देऊ शकत होते, आणि ते त्यांनी हातचं न राखता दिलं. दुपटं इतकं ताठ की पोरीला ताटातल्यासारखी उचलावी. मॅनेजर तासन्तास पाळण्याशी बसत आणि तिला तंबूतल्या गमती सांगत. तीही ऐकल्यासारखी करी.

मग छकुली रांगायला लागली. फरशीवरून सपासप हात टाकत ती माझ्या खोलीपर्यंत यायची, उंबऱ्याशी बसायची आणि पांढरीशुभ्र मूठ तोंडात घालून माझ्याकडे बघायची. गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा अवतार. आम्ही सगळे हसत होतो. काही दिवसांनी तिच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले. दूध पाजलं की उलटी. रात्रंदिवस किरकिर. काकूंनी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, फरक पडेना. पोरगी डोळ्यांदेखत सुकायला लागली.

मुलगा कारखान्यावर होता, म्हणून वहिनींबरोबर दवाखान्यात मी गेलो. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि मग छकुलीची मूठ उघडली. तळव्याच्या रेघा पांढऱ्या झाल्या होत्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही हंड्याची सगळी हकिकत सांगितली. ते हसतील असं मला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. "मोठ्यांना याचं फारसं काही वाटणार नाही," ते म्हणाले. "पण हिचं बघा. सगळा दिवस जमिनीवर आणि हात तोंडात. जीव तो केवढासा. तुमच्या घरातली भुकटी पोटात घेणारी ही एकटीच आहे. हिला त्यातून बाहेर काढा, आधी ते करा."

परतताना वहिनींनी पोरीला पदराखाली घेतलं. मग म्हणाल्या, "मामंजींनी किती जीव लावून केलंय हो हे. त्यांना कोन्या तोंडानं सांगू? आन् न्हाई सांगितलं तर पोरगी हातची जाईल." त्यांनी राहात्याला वडिलांना निरोप धाडला, येऊन आम्हा दोघींना घेऊन जा म्हणून. गेल्या तर त्या घरात परत पाऊल ठेवतील असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटेना.

वडील येईपर्यंत त्या हात बांधून बसल्या नाहीत. मॅनेजर दुपारी पारावर गप्पा मारायला गेले की बोचकं बांधून नदी गाठायच्या. ते दुष्काळाचं साल होतं, प्रवरेत जागोजाग डबकीच काय ती उरली होती. त्यातल्या त्यात बऱ्या डबक्यात त्यांनी दुपटी धुतली, झोळी धुतली, आणि एक दिवस बाहेरच्या दाराचा पडदाही धुऊन आणला. संध्याकाळी तो पडदा वाऱ्यावर चक्क हलला. मॅनेजरांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "वारं फिरलं वाटतं," ते म्हणाले आणि आत गेले.

दोन दिवसांनी वहिनींचे वडील आले. का आले ते मॅनेजरांना ठाऊक नव्हतं. व्याही आले याचाच त्यांना आनंद. गूळ-पाणी झालं, पावसाचं बोलणं झालं, आणि मॅनेजरांचा हात खिशात गेला. काड्यापेटी बाहेर आली. वहिनी आतून धावत आल्या, "मामंजी, नको," म्हणाल्या, पण मॅनेजरांना ते सुनेचं नेहमीचं भिणं वाटलं. "तू बग तर," म्हणत त्यांनी काडी लावली.

पडदा सरसरून पेटला. जन्मभर आगीची तयारी करून बसलेला तो माणूस हातात जळकी काडी धरून नुसता उभा राहिला. पडदा धुतल्या दिवसापासून दाराशी भरून ठेवलेली कळशी वहिनींनी उचलली आणि पडद्यावर रिकामी केली. निम्मं पाणी त्यांच्या वडिलांवर पडलं. आग विझली. पागोट्यातून निथळणारं पाणी पुसत व्याही शांतपणे म्हणाले, "पेटला की हो, मॅनेजर."

"कुनी धुतला?" मॅनेजरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"मी," वहिनी म्हणाल्या. "पोरगी चाटती हो सगळं. तिच्या पोटात जातंय. डॉक्टर म्हनले, तिला ह्यातून काढा. म्हनून वडलांना बोलावलं न्यायला."

मॅनेजर काही बोलायच्या आत छकुली रांगत त्या ओल्या फरशीवर आली. भुकटीचा चिखल झाला होता. तिने त्यात थपकन हात मारला आणि मूठ तोंडाकडे नेली. मॅनेजरांनी खाली बसून तिचा हात धरला. तळवा उघडून पाहिला. मग पुसावा म्हणून आपल्या धोतरावर घासला, तर तो आणखी पांढरा झाला. त्यांनी उपरण्याने पुसला, पुन्हा तेच. जवळची चादर ओढली, तिच्यातूनही भुकटी सांडली. तो हात पुसायला सबंध घरात एक फडकं त्यांना मिळेना. शेवटी त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा पदर दे तुझा."

काकू शेजारी येऊन बसल्या. मॅनेजरांनी पदराचं टोक भिजवून नातीचं एकेक बोट पुसलं. पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. मग मान वर न करता म्हणाले, "सूनबाई, समदं काढ. धुऊन टाकू. मग बी जावंसं वाटलं तर जा, मी आडवनार न्हाई."

"पानी कुठून आनायचं एवढं?" वहिनींनी विचारलं.

"माजी आंगुळ बंद," ते म्हणाले.

वहिनी गेल्या नाहीत. व्याही दोन दिवस राहिले आणि नदीवर बोचकी वाहून कंबर धरून परत गेले. महिन्याभरात छकुलीचे चट्टे मावळले, दूध पचायला लागलं आणि माझ्या उंबऱ्याशी ती गुलाबी मूठ घेऊन बसायला लागली. मॅनेजरांनी हंडा काकूंच्या ताब्यात दिला. आता ते सकाळ-संध्याकाळ ओलं फडकं घेऊन, गुडघे टेकून फरशी पुसत. पोरगी जिथे जाईल तिथे तिच्या आधी जाऊन पुसत, त्यामुळे आजोबा पुढे आणि नात मागे अशी दोघांची वरात घरभर रांगत असे. धोतराचा आवाज गेला आणि काकूंचं चहाचं आधण चुकायला लागलं.

त्यांची भीती मात्र गेली नव्हती. घर आता चारचौघांच्या घरासारखं झालं होतं, कधीही पेटणारं. कपड्यांवर सोपवलेलं काम त्यांनी मग स्वतःकडे घेतलं. चूल पेटली की पाट घेऊन तिच्या समोर बसायचे, ते शेवटचा निखारा विझेपर्यंत हलायचे नाहीत. जिच्या नुसत्या नावाने त्यांना कापरं भरे, तिच्यासमोर ते रोज असे बसत, आणि त्याबद्दल कधी कुणाशी बोलले नाहीत.

पुढे माझी नगरला बदली झाली. मॅनेजर गेल्याचं मला उशिरा कळलं. छकुली कॉलेजसाठी नगरला आली तेव्हा एकदा घरी येऊन गेली. धट्टीकट्टी, मोकळेपणाने हसणारी मुलगी. मी तिला विचारलं, आजोबांचं काय आठवतं? तिने थोडा विचार केला.

"त्यांचा चेहरा फारसा आठवत नाही, सर," ती म्हणाली. "पण त्यांना थंडी खूप वाजायची, हे आठवतं. भर उन्हाळ्यातसुद्धा चुलीपासून हलायचे नाहीत."

मी तिला चहा घे म्हणालो. मला एकाएकी त्यांची फार आठवण आली.