बरगडीखालची पाहुणी

धावून आला की तो उजव्या हाताची दोन बोटं बरगडीखाली दाबायचा, कमरेत जरा वाकायचा आणि तोंडानं लांब श्वास सोडायचा. मग सरळ होऊन म्हणायचा, "पाहुणी आली होती. गेली."

पाहुणी म्हणजे धावताना कुशीत भरणारी चमक.

अमडापूरच्या आमच्या शाळेत तो हंगामी शिपाई होता. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून आले होते आणि इथे मुलांना इंग्रजी शिकवू लागले होते. कुणाशी फारसं बोलत नसे. त्याला मात्र 'तुम्ही' म्हणे, आणि त्याला ते जड जाई.

"मले तुमी नका म्हनू बाई. मागं कोनी उभं हाय का म्हून वळून पाहा लागते."

त्याच्या वस्तीनं काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. आमच्या गल्लीत तो शाळेचे निरोप घेऊन यायचा, पायरीखाली उभा राहून सांगायचा आणि वळायचा. तुम्ही त्याला तिथे पाहिलं असतं, तर हाच माणूस रोज सकाळी चिखलीच्या रस्त्यावर मैलच्या मैल धावतो, यावर विश्वास ठेवला नसता. गल्लीत तो फार हळू चालायचा.

त्या साली अमडापूर ते चिखली शर्यत ठरली. पहिल्या येणाऱ्याला पोलिसात घेऊ, असं एका साहेबांनी शाळेत येऊन सांगितलं. भरतीच्या वयाचं त्याचं तेवढंच वर्ष उरलं होतं.

मी विचारलं म्हणून त्यानं मला धावण्याचे नियम सांगितले. "पह्यला मैल म्हाताऱ्यावानी धावाचा. अन् पोट रिकामं पाह्यजे. भरल्या पोटी पाहुणी मुक्कामाले येते."

"आणि कुणी खायचा आग्रह केला तर?"

तो हसला. "मले कोन आग्रह करते, बाई?"

शर्यतीच्या सकाळी तो आमच्या गल्लीतून शाळेकडे निघाला, तेव्हा दारादारांत बायका उभ्या होत्या. महत्त्वाच्या कामाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर घालायची, ही गल्लीची रीत. त्याच्या वाट्याला ती पहिल्यांदाच येत होती. एका दारी दही, पुढच्या दारी बेसनाचा लाडू, त्यापुढे पेलाभर दूध. तो प्रत्येक पायरीखाली थांबला. एकीलाही नाही म्हणाला नाही.

आमच्या दारात वाटी माझ्या हातात होती, चमचा आईच्या. तिनं तो त्याच्या हातापासून वीतभर उंच धरला. त्यानं ओंजळ पुढे केली आणि माझ्याकडे पाहिलं.

'आई, त्यांना नको.' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य माझ्या मनात इंग्रजीत तयार झालं. मराठीत येईपर्यंत दही त्याच्या हातावर पडलं होतं. त्यानं तळहात चाटून स्वच्छ केला, आमच्या पायरीवर थेंब सांडू नये म्हणून.

आम्ही शिक्षक मागून जीपमधून निघालो. गल्लीतली पोरं त्याच्या नावानं ओरडत होती, आणि पहिलाच मैल तो म्हाताऱ्यासारखा धावला नाही. निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग त्याची दोन बोटं बरगडीखाली गेली. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर श्वास सोडत राहिले. तो वाकला, चालू लागला, शेवटी बाभळीला धरून थांबला. एकेक जण पुढे गेला. तो चिखलीला सातवा पोचला.

"काऊन बे, थांबला काऊन?" आमचे खेळाचे सर त्याच्यावर धावून गेले. "काय खाल्लं होतं सकाळी?"

"काही नाही सर. नुसतं पानी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही, दुसऱ्यांदा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेची घंटा दुसऱ्याच कुणाच्या हातानं वाजली. तो खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला, असं कुणी म्हणालं. तिथे मी एकदा विचारूनही आले. त्या वर्णनाचा माणूस कुणाला आठवत नव्हता.

यंदा धाकटा भाऊ परीक्षेला निघाला, तेव्हा आईनं नेहमीसारखी वाटी माझ्या हातात दिली आणि चमचा भरला.

"आधी त्याला विचार ना," मी म्हणाले. "त्याला नको असेल."

"दह्याले कोनी नाही म्हनते काय वं?" आई म्हणाली, आणि चमचा त्याच्या हाताला टेकवून तिनं दही ठेवलं.