थ्रू प्रॉपर चॅनल

अमेरिकेत, सांता क्लारातल्या आमच्या चिप्सच्या कंपनीचे अध्यक्ष दर शुक्रवारी कॅफेटेरियात भाषण करायचे. सरकारनं धंद्यात नाक खुपसू नये, हे त्यांचं ठरलेलं पालुपद. मला ते मनापासून पटायचं. घरी टेलिफोन यावा म्हणून वडिलांना वर्षानुवर्षं वाट पाहताना बघितलेला माणूस मी.

एका शुक्रवारी मात्र तेच अध्यक्ष, त्याच माइकवरून, म्हणाले की जपानी मेमरी चिप्स फारच स्वस्त यायला लागल्यात, आता सरकारनं मध्ये पडलंच पाहिजे; प्रत्येकानं आपल्या काँग्रेसमनला, म्हणजे तिथल्या खासदाराला, पत्र लिहावं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग गेल्या शुक्रवारी कशासाठी वाजवल्या होत्या, ते कळेना. मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "तो शुक्रवार वेगळा होता."

हा मॅनेजर पन्नाशी उलटलेला, सदानकदा पेन्सिल चावणारा. त्याच्या हाताखाली मी चिप्स तपासायचो, आमच्या आणि तुलनेला जपानी. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीनं केला होता. नोकरी गेली की अर्जही गेला, आणि आम्ही नवरा-बायको गाशा गुंडाळून परत. मत देण्याचा अधिकार नसला तरी पत्र लिहिणं भागच होतं.

पत्र कसं लिहायचं हे वडिलांनी घोटून घेतलं होतं. ते पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. सरकारदरबारी जाणारा कागद खरा असावा आणि साहेबाच्या हातून, थ्रू प्रॉपर चॅनल जावा, हा त्यांचा दंडक. मी अख्खा शनिवार-रविवार खर्चून पानभर टाइप केलं. आमच्या चिप्स जपानी चिप्सपेक्षा जास्त फेल होतात, हे मी स्वतः तपासलं आहे. त्या सुधारेपर्यंत तरी आम्हांस संरक्षण मिळावे, ही नम्र विनंती. खाली साहेबाच्या शिफारशीसाठी एक ओळ कोरी सोडली आणि सोमवारी कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

वाचता वाचता त्यानं पेन्सिल तोंडातून काढली. "हे टपालात का नाही टाकलंस?"

"तुमच्यामार्फत जायला हवं ना!"

"आणि ही रिकामी ओळ?"

"तिथं तुम्ही शिफारस लिहून सही करायची. त्याखाली वरचे साहेब करतात."

डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला तो. मग पत्र ड्रॉवरमध्ये टाकून त्यानं कंपनीचं छापील पत्र पुढे केलं. "यावर सही कर. आणि ते पत्र तू कधी लिहिलंच नाहीस."

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, ग्रीन कार्ड पेंडिंग आहे आणि आपलीच चिप फेल होते म्हणून लेटर सबमिट केलंत? याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात! उद्याच्या उद्या कॅन्सल करा ते." ड्रॉवरमधला कागद कॅन्सल कसा करणार? त्यानंतर कितीतरी महिने मी त्या टेबलाला वळसा घालून जायचो.

पुढे वॉशिंग्टनमध्ये कोण कोणाशी काय बोललं, देव जाणे. सरकारनं जपानशी करार केला, चिप्सचे भाव चढले, कॅफेटेरियात केक कापला गेला. राजा बोले, दळ हाले! मला वाटलं, सुटलो. आणि थोड्याच महिन्यांत अध्यक्षांनी जाहीर केलं की मेमरी चिप्समध्ये आता राम नाही, ती लाइन बंद. भाव पडले तर नोकऱ्या जातील, इथपर्यंत मला समजलं होतं. चढल्यावर कशा जातात? दोघातिघांना विचारलं. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. आजही कुणी देशाची अर्थव्यवस्था समजावून सांगू लागलं, की मी नुसती मान हलवतो.

शुक्रवारी एकेकाला आत बोलावलं. टेस्टिंगमधले दोघं राहिले, त्यातला एक मी. मॅनेजरची नोकरी गेली. आपण वाचलो याचा मला भयंकर आनंद झाला आणि त्या आनंदाची तितकीच लाज वाटली.

तो खोक्यात सामान भरत होता. मला पाहून त्यानं ड्रॉवर उघडला आणि माझं पत्र हातात दिलं. "घे. तुझा कागद चॅनलमधून जाऊन आला. कुणाला ठेवायचं ते वरून विचारलं, तेव्हा हाच पाठवला."

कोऱ्या ओळीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'याला ठेवा. हा खोटं लिहीत नाही.' खाली त्याची सही. त्याखाली अध्यक्षांची.

"आणि तुमची शिफारस?" मी कसंबसं विचारलं.

"मी छापील पत्रावर सही केली होती," तो म्हणाला. "त्यावर कोरी ओळ नव्हती."

खोकं जड होतं. गाडीपर्यंत मी एका बाजूनं धरलं.