दोनदा घातलेलं तेल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. हात बरबटलेले, म्हणून कोपरानेच फोन घेतला. "बेबी, संपलं गं..." एवढंच ती म्हणाली. साठी उलटली तरी त्या घरात मी अजून बेबीच आहे. हात धुतले, बोंबील तसेच झाकून ठेवले आणि गिरगावातून टॅक्सीने परळला निघाले. खरं सांगते, टॅक्सीत बसल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं ते चाळीच्या जिन्याखाली दादाची गाडी दिसली तेव्हा. माझा थोरला भाऊ गेली काही वर्षं थोडा थोडा जातच होता, त्या दिवशी उरलासुरला गेला. आता महिना होऊन गेलाय, तरी हे लिहिताना अधूनमधून थांबावं लागतंय.

गाडी म्हणजे टू-स्ट्रोक मोटरसायकल, दादाने नोकरी पक्की झाल्यावर घेतलेली. तो फोर्टात विम्याच्या ऑफिसात होता. परळ ते फोर्ट आणि परत, ऊन असो पाऊस असो, ह्याच गाडीवर. बरोबरीच्यांनी स्कूटर घेतल्या, मग मोटारी घेतल्या, मग गुडघे दुखतात म्हणून त्याही विकल्या. दादा आपला तिथेच. त्या गाडीची एक खोड होती, तिला पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागे. तेल जास्त झालं की धूर ओकायची, घालायचं राहिलं की इंजिन जाम. त्यामुळे पंपावर दादा टाकीला कोणाचा हात लागू देत नसे. आधी मापाने तेल, मग पेट्रोल, मग दोन्ही हातांनी गाडी धरून चांगली हलवायची. मागे थांबलेले लोक हॉर्न वाजवून दमत. घरी येताना नाक्यावरच पेट्रोलचा कॉक बंद करी आणि नळीत उरलेल्या पेट्रोलवर बरोबर जिन्याशी येऊन थांबे. रविवारी प्लग घासायचा, सायलेन्सरमधली काजळी खरवडायची. आई म्हणायची, "बाळंतिणीचंपण एवढं कोण करत नाय." वहिनी सरळ सवत म्हणायची. वर, "माझ्याआधी घरात आली, म्हणजे धाकटी मीच," असंही सांगायची.

पहिल्यांदा कळलं ते धुरावरून. त्या रविवारी मी माहेरी गेले होते. दादा पंपावरून परतला तो पांढरे लोट सोडतच. वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "काय काका, डासांची फवारणी काय?" सगळे हसले. मीही हसले. दादाने गाडी स्टँडला लावली, प्लग काढला. काळाकुट्ट आणि तेलाने ओला. तो हातात धरून माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेबी, तेल दोनदा घातलं गं मी."

"होतं रे. वय झालं आता."

"तसं नाय. घातलेलं आठवतच नाय. एकदापण नाय."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते पुढे, बऱ्याच तपासण्या झाल्यावर. तोवर वहिनी त्याच्याबरोबर पंपावर जायला लागली होती. मागच्या सीटवरून उतरून शेजारी उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "हां, तेल घातलंत." एकदा मात्र ती भाजी आणायला गेली आणि तो एकटाच गाडी घेऊन बाहेर पडला. पेट्रोल भरलं, तेल घातलंच नाही. करी रोडच्या पुलावर इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि दादा पडला. हात सोलवटला, डोकं हेल्मेटमुळे वाचलं. पण लागलं त्याचं काही नाही... लोकांनी उचलून कडेला बसवलं आणि विचारलं, काका, कुठे राहता? दादाला सांगता आलं नाही. जन्मापासून ज्या परळात राहिला, ते परळ हाकेच्या अंतरावर होतं. कोणीतरी त्याच्या खिशातला फोन काढून वहिनीला लावला.

मी वहिनीला म्हटलं, भंगारात घाल ती गाडी, नाहीतर एक दिवस त्याला घेऊन जाईल. तिने काय करावं? नवीन पिस्टन टाकून गाडी परत आणली. मी खूप बोलले. तोंडाला येईल ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परवा त्यांना माझं नाव आठवलं नाय, बेबी. पण गाडी चालू करायला येते अजून. हे येतंय तोवर ते आहेत. तेवढं तरी राहू दे."

चावी तिच्याकडे असायची. रोज सकाळी ती त्याला हाताला धरून खाली आणायची. गाडी स्टँडवरच. दादा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, दोन रिकाम्या किक मारायचा, मग चावी फिरवून तिसरी. गाडी सुरू झाली की मान तिरपी करून आवाज ऐकायचा, आणि तेवढा वेळ तो पूर्वीचा दादा असायचा. चाळीत धुराच्या तक्रारी झाल्या. कधी कोणाशी आवाज न चढवलेली वहिनी त्यासाठी मजल्यामजल्यावर जाऊन भांडली. मग त्याचं गाडी चालू करणंही बंद पडलं. कसं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर अंथरूण, पाठीच्या जखमा, चमच्याने भरवणं आणि आमच्याकडे परक्यासारखं बघणारे त्याचे डोळे... त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दादा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली. वहिनी खाली जाऊन गाडीवरची धूळ पुसत होती, म्हणून मीही गेले. म्हटलं, "आता तरी दे कोणाला. त्याच्याने चालू होईनाशी झाली तेव्हाच द्यायची होतीस."

तिने फडकं झटकलं.

"चालू होईनाशी नाय झाली गं. एका सकाळी खाली आणलं त्यांना, चावी पुढे केली, तर घेईनात. गाडीभोवती फिरले. टाकीवर हात फिरवला, वाकून सायलेन्सर बघितला. मग मला म्हणतात, 'कोणाची हो ही गाडी? ज्याची असेल त्याने चांगली ठेवलीय हां, ताई.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, हो... फार जपतात."